थडीवरचा माणूस आणि हातातला वॉकी-टॉकी

वॉकी-टॉकीच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘३५ किलोमीटर’ छापलेले असते आणि खाली, चष्मा लावल्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत, ‘आदर्श परिस्थितीत’. अकोलेकरांना हे अंतर जोखायला एक हक्काचे माप आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन कावडी निघतात आणि १६ ते १८ किलोमीटर चालून अकोल्याच्या राजराजेश्वराला पोचतात. १९४४ च्या दुष्काळापासून ही प्रथा चालत आली आहे. खोक्यावर विश्वास ठेवायचा, तर त्या वाटेच्या दुप्पट अंतरावरून दोन माणसे तळहाताएवढ्या यंत्रावर निवांत गप्पा मारू शकतील. प्रत्यक्षात एक जण गांधीग्रामच्या थडीखाली पाण्याशी गरी टाकून बसला आणि दुसरा वळणापलीकडे गेला, तर किलोमीटरभरातच नुसती खरखर कानावर येण्याची शक्यता जास्त.

यात खोके छापणारा अगदीच खोटे बोलत नाही. तो फक्त नदी सांगत नाही.

रविवारी पहाटे गांडुळांचा डबा आणि कणकेचे गोळे घेऊन पूर्णा, काटेपूर्णा, वर्धा किंवा शहानूरच्या काठावर जाणारे हौशी लोक अकोला-अमरावतीत कमी नाहीत. चार जण एकत्र निघतात; पण मासा एकत्र बसून मिळत नाही. कोणी मरळीसाठी गवताळ डोह धरतो, कोणी वाम मिळेल म्हणून दगडांकडे सरकतो, कोणी रोहूसाठी खोल पाणी शोधतो. तासाभरात चौघे चार दिशांना. मग हाका सुरू होतात आणि हाकांनी मासे जातात. मोबाइल आहेच की, असे कोणी म्हणेल. पण नदीचे पात्र खोल, टॉवर गावात, आणि मेळघाटच्या पायथ्याकडे गेले की रेंजचा भरवसा नाही. मेळघाटातल्या कित्येक मतदान केंद्रांवर निवडणुकीच्या दिवशी वायरलेस संच पाठवावे लागतात, यातच सगळे आले. अशा ठिकाणी लहान वॉकी-टॉकी खरोखर उपयोगी पडतो. फक्त तो घेताना माणूस नेमका चुकीचा आकडा पाहून घेतो.

रेडिओची लहर जवळपास सरळ रेषेत जाते आणि पृथ्वी गोल आहे. एवढ्या दोन गोष्टींतून एक सोपा हिशेब निघतो. संचाची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि ४.१२ ने गुणायचे. उत्तर येते ते त्या संचाचे रेडिओ-क्षितिज, किलोमीटरमध्ये. दोन्ही संचांची क्षितिजे मिळवली की जास्तीत जास्त अंतर मिळते. मोर्शीजवळच्या सिंभोरा इथल्या अप्पर वर्धा धरणाचे उघडे पाणी घेऊ. दोन नावांत दोन माणसे बसली आहेत, हातातला संच पाण्यापासून मीटरभर उंच. दोघांचे मिळून सव्वाआठ किलोमीटर होतात. मध्ये झाड नाही, टेकाड नाही, तरीही यापुढे पृथ्वीचाच फुगवटा आडवा येतो. पाण्यालगत जाणारी लहर पाण्यावरून उसळून आलेल्या आपल्याच भावंडाशी भांडते, त्यामुळे प्रत्यक्षात याच्या निम्मे अंतर मिळाले तरी संच चांगला म्हणायचा. खोक्यावरचे ३५ किलोमीटर सपाट भागात खरे करायचे असतील, तर दोघांनीही साधारण १८ मीटर उंचीवर, म्हणजे सहा मजली इमारतीच्या गच्चीवर उभे राहायला हवे. तिथे मासे नसतात.

याच हिशेबाची दुसरी बाजू चिखलदऱ्यावरून दिसते. समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंचीवरचे हे गाव खालच्या मैदानापेक्षा सातशे-आठशे मीटर वर आहे. कड्यावरून मैदानाकडे रेडिओ-क्षितिज काढले तर ते शंभर किलोमीटरच्या पुढे जाते. पोलीस आणि वन खात्यासारख्यांच्या वायरलेस जाळ्यात रिपीटर उंच जागी बसवतात तो यासाठीच. खाली दरीतला पहारेकरी आपला क्षीण आवाज वर पाठवतो, रिपीटर तो झेलतो आणि जोरात पुन्हा खाली फेकतो. हौशी मासेमाराकडे रिपीटर नसतो. पण त्याची साधी, स्वस्तातली नक्कल करता येते, ती पुढे.

आता पूर्णा. सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी अमरावती, अकोला, बुलढाणा ओलांडून जळगाव जिल्ह्यात चांगदेवपाशी तापीला मिळते. तिच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरला आहे. नदीने हजारो वर्षे आणून टाकलेला गाळाचा थर आणि त्याच गाळात तिने स्वतः कोरलेले पात्र, असा हा मामला. वरून पाहिले तर रान सपाट, कपाशी आणि तूर दिसते. काठाशी आले की जमीन एकदम तुटते. तीन-चार परस खोल दरड, तिला फुटलेल्या घळी, वर बाभळी. खाली पाण्याशी बसलेल्या माणसाच्या दृष्टीने जग दरडीपाशी संपते, आणि त्याच्या संचाच्या दृष्टीनेही. समोर सरळ पात्र असेल तिथवर आवाज स्वच्छ जातो. वळण आले की मातीची भिंत. ओली चिकण माती लहर पिऊन टाकते. पावसाळ्यात पाने भिजलेली असली तर बाभळीची रांगही बराच जोर खाते.

इथे दुकानदार म्हणतो, मग जास्त वॅटचा घ्या. हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण हिशेबात बसत नाही. मोकळ्या आकाशातसुद्धा अंतर दुप्पट करायला ताकद चौपट लागते. जमिनीलगत तर सोळापटीपर्यंत. अर्ध्या वॅटऐवजी पाच वॅटचा संच घेतला तर ताकद दहापट झाली, अंतर मात्र दुप्पटही होईलच असे नाही. दरड असेल तिथे दरडच राहते. उलट तोच अर्ध्या वॅटचा संच घेऊन माणूस दहा पावले वर चढला, की काम होते.

लहरीची लांबी मात्र थोडा फरक पाडते. लांब लहर अडथळ्याच्या कडेवरून जरा वाकून पलीकडे उतरते, आखूड लहर तेवढी वाकत नाही. भारतात परवान्याशिवाय वापरता येणाऱ्या संचांच्या मुख्य जागा तीन आहेत. पहिली २७ मेगाहर्ट्झच्या आसपासची, जिला सिटिझन बँड म्हणतात. तिथे लहर ११ मीटर लांब. वाकण्यात ती सगळ्यांत सरस, पण तिला शोभेल असा अँटेना पावणेतीन मीटरचा हवा. हातातल्या संचात तो गुंडाळून वीतभर केला की निम्मा जीव तिथेच जातो. दुसरी जागा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, लहर ६७ सेंटिमीटर, पूर्ण जोमाचा अँटेना १७ सेंटिमीटर. तिसरी ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढची, लहर ३५ सेंटिमीटर, अँटेना बोटभर. कारखाने, हॉटेले, सोसायट्यांचे पहारेकरी यांच्यासाठी ती ठीक आहे; काँक्रीटच्या इमारतीत आखूड लहर खिडक्यांतून शिरते. नदीवर, झाडी आणि दरडींत, दुसरी जागा तिसरीपेक्षा उजवी. या लेखाचा कौल ४४६ च्या बाजूने आहे. मात्र फरक जमीन-अस्मानाचा नाही. ८६५ चा चांगला संच घरात पडून असेल तर नवा घेण्याचे कारण नाही.

कायद्याची बाजू नीट समजून घ्यावी लागते, कारण इथे भले भले फसतात. ‘परवानामुक्त’ म्हणजे मालकाला परवाना नको. संचाला मात्र मान्यता हवीच. केंद्राच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी ही शाखा प्रत्येक प्रकारच्या संचाला ‘ईटीए’ नावाचे प्रमाणपत्र देते. ते नसेल तर तो संच आयात करणे, विकणे, वापरणे, सगळेच बेकायदा. ऑनलाइन बाजारात बरीच वर्षे याकडे कोणी पाहत नव्हते. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा दिल्या आणि वॉकी-टॉकीच्या विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वेही काढली. तक्रार साधी होती: संच कोणत्या लहरीवर चालतो, त्याला परवाना लागतो का, मान्यता आहे का, यातले काहीच ग्राहकाला सांगितले जात नाही.

हौशी लोकांच्या हातात सर्रास दिसणारा बाओफेंग यूव्ही-५आर हे याचे ठळक उदाहरण. स्वस्त, दणकट, चार-पाच वॅटचा; पण तो १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ इतक्या रुंद पट्ट्यात बोलू शकतो. त्या पट्ट्यात सरकारी आणि खासगी परवानाधारकांच्या जागा येतात. चुकून बटण फिरले आणि मासेमाराची ‘मरळ लागली रे’ कुठल्या बंदोबस्तात घुसली, तर हसण्यावारी जाणार नाही. हे संच हॅम रेडिओवाल्यांमध्ये लोकप्रिय आहेत, पण हॅम म्हणजे परीक्षा देऊन परवाना घेतलेला माणूस. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही भारतात ही परीक्षा देता येते. १९९३ च्या किल्लारी भूकंपात दळणवळण कोलमडले तेव्हा हॅम मंडळींनीच निरोपांची ने-आण केली होती. ज्याला रेडिओचाच नाद लागेल त्याने हा मार्ग जरूर धरावा. उपग्रहावरून बोलणाऱ्या यंत्रांचा मोह मात्र कोणीच धरू नये. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका परदेशी धावपटूला अशाच एका छोट्या उपकरणापायी पोलीस ठाणे पाहावे लागले. परदेशात गिर्यारोहक जे सहज खिशात ठेवतात, ते इथे परवानगीविना गुन्हा ठरते.

आता संच हातात घेऊन पाहायच्या गोष्टी. पहिली, पाणी. अंगावर ‘आयपी’ पुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा आकडा ७ असेल तर संच मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतो. ४ असेल तर फक्त शिंतोडे झेलतो. पण पाणी न शिरणे वेगळे आणि तरंगणे वेगळे. पावसाळ्यातली पूर्णा चहासारखी असते. वीतभर खाली गेलेली वस्तू दिसत नाही. म्हणून तरंगणारा, नारिंगी किंवा पिवळा संच घ्यावा. तो परवडत नसेल तर साधा संच जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड आवळून, दोरीने गळ्यात अडकवावा. प्लास्टिक लहर अडवत नाही. बटणही पिशवीवरून दाबता येते. जुने नावाडी विड्या-काड्यापेटी ज्या युक्तीने कोरडी ठेवतात, तीच ही युक्ती.

दुसरी गोष्ट बॅटरीची. ‘१२ तास’ म्हणताना कंपनीने धरलेला हिशेब बहुतेक वेळा असा असतो: शंभरातली पाच मिनिटे बोलणे, पाच मिनिटे ऐकणे आणि नव्वद मिनिटे गप्प बसणे. वऱ्हाडी माणसाने हा हिशेब स्वतःला लावू नये. शिवाय मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. बंद गाडीच्या काचेमागे ठेवलेली लिथियमची बॅटरी अशा दोन-तीन दुपारींत म्हातारी होते. साध्या पेन्सिल सेलवरही चालणारा संच मिळाला तर तो आधी निवडावा. सेल नदीकाठच्या कोणत्याही गावच्या किराणा दुकानात मिळतात, चार्जर मिळत नाही.

तिसरी, जिला जाहिरातीत ‘प्रायव्हसी कोड’ म्हणतात ती. ३८ कोड, १२१ कोड वगैरे आकडे वाचून वाटते की आपले बोलणे कुलपात बंद झाले. तसे काही होत नाही. या कोडमुळे इतरांचे बोलणे आपल्या कानावर येत नाही, इतकेच. आपले बोलणे त्या चॅनेलवरच्या कोणालाही ऐकू जाते. मोठा मासा कुठल्या डोहात लागला हे गुपित ठेवायचे असेल तर ते घरी येऊन सांगावे.

वापरण्याची रीत खरेदीपेक्षा महत्त्वाची ठरते. वॉकी-टॉकीवर एका वेळी एकच जण बोलतो. बटण दाबले की संच ऐकण्याचे सोडून बोलण्याकडे वळतो आणि त्या वळण्यात अर्धा-एक सेकंद जातो. बटण दाबताक्षणी जो बोलतो त्याचा पहिला शब्द हवेत विरतो. वऱ्हाडात याचा फटका जास्त, कारण आपला होकार म्हणजे एक लहानसे ‘हाव’. “पाणी वाढून रायलं का?” या प्रश्नाला पलीकडून ‘हाव’ आला आणि बटणाने तो गिळला, तर विचारणारा समजतो की काही बोललाच नाही. म्हणून बटण दाबा, मनात एक म्हणा, मग बोला, आणि ‘हाव’ऐवजी पूर्ण वाक्य बोला: “पाणी वाढले, वर या.” संच तोंडासमोर, अँटेना उभा. कमरेला लावलेल्या संचाचा बराच जोर शरीरातच मुरतो, आणि गवतावर आडवा टाकलेला संच तर निम्मा बहिरा झालेला असतो. मासे बिथरू नयेत म्हणून स्पीकर बंद करून कानात इअरफोन घालावा आणि बटण सोडल्यावर वाजणारी ‘टुंक’ सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी.

आणि आता रिपीटरची ती स्वस्तातली नक्कल. चौघे असतील तर तीन संच घ्यावेत, दोन नव्हे. तिसरा संच थडीवर. दरडीच्या माथ्यावर, जिथून पात्र दोन्ही अंगांना दिसते आणि मोबाइलला एखादी तरी कांडी मिळते, तिथे एक जण पाळीपाळीने बसतो. खालचे दोघे एकमेकांना ऐकू शकत नसले तरी दोघेही त्याला ऐकतात. तो निरोप इकडचा तिकडे करतो. हा झाला माणसाचा रिपीटर. त्याचे दुसरे काम वरच्या अंगाला नजर ठेवण्याचे. धरणाचे दरवाजे उघडले, सातपुड्यात पाऊस झाला, की नदीकाठच्या गावांत दवंडी फिरते, भोंगा वाजतो; पण दरडीखाली बसलेल्याला ते ऐकू येतेच असे नाही. तिसरे काम सगळ्यांत मोठे. वॉकी-टॉकीवरून ११२ लागत नाही. पोलीस, रुग्णवाहिका, जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हे सगळे मोबाइलवरच. खालून हाक आणि वरून फोन, अशी साखळी त्या एका माणसामुळे जुळते.

कोकणातल्या मच्छीमाराला अशी साखळी आयती मिळते. त्याच्या बोटीवर बहुधा व्हीएचएफ संच असतो. चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, ही संकटाची हाक जगभर एकच, आणि ती ऐकायला तटरक्षक दल कान लावून असते. गोड्या पाण्यावर असे कोणी ऐकत बसलेले नाही. धरणाच्या पाण्यावर सहकारी संस्थांमधून मासेमारी करणारे भोई बांधव आजही डोंग्यातून, नुसत्या नजरेच्या आणि आरोळीच्या भरवशावर जाळी टाकतात. मासेमारीचा हक्क ज्यांनी ठेक्याने घेतला आहे त्या संस्थांनी दोन नावांमागे एक संच ठेवायचा म्हटला, तर तो खर्च एका चांगल्या जाळ्यापेक्षा फार नसेल. हौशी लोकांनीही जाण्याआधी त्या संस्थेची परवानगी घ्यावी. आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पात किंवा काटेपूर्णा अभयारण्यात गरी टाकण्याचा विचारही करू नये.

एक गोष्ट मात्र रेडिओवरच्या लेखातही सांगावी लागते. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली आणि दशक्रियेसाठी आलेल्या नातेवाइकांपैकी ११ जण बुडाले. शोध दुसऱ्या दिवशीही चालू होता. अशा क्षणी हातातल्या संचाचा काही उपयोग नसतो. उपयोग असतो तो अंगावरच्या लाइफ जॅकेटचा. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर आधी जॅकेट घ्यावे.

दोन्ही झाले, की पहिल्या रविवारी गरी घरीच ठेवावी. संच घेऊन आपल्या नेहमीच्या डोहावर जावे, एकाने थडीवर थांबावे, दुसऱ्याने पाण्याकाठाने बोलत बोलत चालत राहावे. आवाज जिथे तुटेल तिथली बाभूळ, घळ किंवा दगड लक्षात ठेवावा. पुढच्या खेपेला त्याच्या पलीकडे कोणी एकट्याने बसू नये.